विश्लेषण : ‘ॲपल’ एका गॅरेजमधल्या कट्ट्यातून कशी उभी राहिली? ‘नेटवर्किंग’ म्हणजे नेमके काय?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात ‘नेटवर्किंग वाढवा’ हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा लिंक्डइनवर शेकडो अनोळखी लोकांना रिक्वेस्ट पाठवणे असाच घेतला जातो. कॉम्प्युटर घराघरांत पोहोचवणाऱ्या पिढीने ओळखी जमवल्या त्या वेगळ्याच रीतीने. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ हे त्याचे ठळक उदाहरण.

हा क्लब कसा सुरू झाला?

जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा घरी जोडता येणारा कॉम्प्युटर झळकला. त्याला ना की-बोर्ड होता, ना स्क्रीन. पुढच्या पॅनेलवरचे खटके वर-खाली करून प्रोग्रॅम भरावा लागे. एकट्यादुकट्याला हे झेपणे कठीणच. म्हणून गॉर्डन फ्रेंच आणि फ्रेड मूर यांनी ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये हौशी मंडळींना बोलावले. तीसेक जण आले.

गर्दी वाढल्यावर बैठका स्टॅनफर्ड लिनिअर ॲक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात होऊ लागल्या. सूत्रे ली फेल्सेन्स्टाइन यांच्याकडे असत. पहिल्या भागात ज्याने-त्याने उठून आपण काय करतोय, कुठे अडलोय ते सांगायचे. दुसऱ्या भागात आपल्या उपयोगाचा माणूस गर्दीतून शोधायचा. कोणाकडे कोणती चिप आहे, कोणाचे सर्किट चालत नाही, हीच तिथली ओळख. हुद्दा कोणी विचारत नसे.

वॉझ्निॲक यांना काय मिळाले?

ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करणारे स्टीव्ह वॉझ्निॲक पहिल्याच बैठकीला हजर होते. स्वभावाने बुजरे. तिथे मिळालेल्या मायक्रोप्रोसेसरच्या माहितीपत्रकावरून त्यांना स्वतःच्या कॉम्प्युटरची कल्पना सुचली. काम पुढे सरकेल तसे ते क्लबमध्ये आणून दाखवत, सर्किटच्या आकृत्या फुकट वाटत आणि इतरांना जोडणीत मदतही करत. त्यात धंदा आहे हे हेरले ते स्टीव्ह जॉब्स यांनी. १ एप्रिल १९७६ रोजी ‘ॲपल’ स्थापन झाली. जोडून तयार असलेल्या ५० मशीनची पहिली मोठी ऑर्डर दिली ती पॉल टेरेल या दुकानदाराने. तेही क्लबात येणारेच. ॲडम ऑस्बोर्न तिथे पुस्तके विकायचे. १९८१ मध्ये त्यांच्या कंपनीने आणलेल्या ‘ऑस्बोर्न १’ या उचलून नेता येणाऱ्या कॉम्प्युटरची रचना फेल्सेन्स्टाइन यांची होती.

या सगळ्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी काम दिसले, मग विश्वास बसला, व्यवहार त्यानंतर आला. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टच दुकानातून तयार आणला जातो. मग दुसऱ्याला दाखवायला आणि विचारायला उरते काय?

उदारपणा कुठे चुकला?

अल्टेअरसाठीच्या ‘बेसिक’ या सॉफ्टवेअरच्या कागदी टेपच्या प्रती क्लबात सर्रास वाटल्या गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये २० वर्षांच्या बिल गेट्स यांनी खुले पत्र लिहून ही चोरी असल्याचे सुनावले. त्यांचा मुद्दा रास्तच होता. वॉझ्निॲक स्वतःचे वाटत होते, टेप वाटणारे दुसऱ्याचे.

हे इथे जमेल का?

लातूर किंवा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याच्या आसपास सिलिकॉन व्हॅली नाही, हे खरेच. होमब्रूतल्या अनेकांकडे इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांतील नोकऱ्या होत्या आणि सुटे भाग हाताशी होते. पण कॉलेजची लॅब दर पंधरवड्याला एका संध्याकाळी उघडी ठेवणे आणि अर्धवट काम दाखवणाऱ्याला मार्कांची भीती नसणे, एवढ्याला मोठा निधी लागत नाही. तेवढे प्राचार्यांच्या हातात आहे.

होमब्रू डिसेंबर १९८६ पर्यंत चालला. तोवर एकेकाळी आकृत्या वाटणाऱ्या अनेकांच्या स्वतःच्या कंपन्या झाल्या होत्या आणि नवे काय बनवतोय, हे एकमेकांना सांगणे त्यांना परवडेनासे झाले होते.