वार्धक्याचे शास्त्र आणि अल्पमुदतीच्या नेमणुका

माणसाला म्हातारा व्हायला अनेक दशके लागतात. साहजिकच वार्धक्याचे शास्त्र दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून उभे राहणे अशक्य आहे. संशोधनासाठी पैसा पुरविणाऱ्यांच्या मात्र ही गोष्ट क्वचितच ध्यानी येते.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ नेथन शॉक यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४१ साली ते बाल्टिमोरला आले आणि वार्धक्याचा अभ्यास हेच त्यांनी जीवितकार्य मानले. तरुणाची व वृद्धाची एकाच दिवशी तुलना केली, तर दिसणारा फरक वयाचा की दोन पिढ्यांच्या आहाराचा आणि राहणीचा, हे सांगता येत नाही. यासाठी १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच स्वयंसेवकांची ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा तपासणी करण्याचा उपक्रम आरंभिला. सर्व माणसे एकाच गतीने म्हातारी होत नाहीत आणि ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून सोडून दिलेले अनेक विकार वस्तुतः रोगांमुळे होतात, हे त्यातून स्पष्ट झाले. ज्याला रोग म्हणून ओळखले, त्यावर उपाय शोधता येतो! या उपक्रमात उणिवाही होत्या. स्त्रियांना त्यात १९७८ पर्यंत स्थानच नव्हते. परंतु ती चूक सुधारता आली, कारण अभ्यास चालू होता. १९८९ साली शॉक निवर्तले. अभ्यास पुढेही चालू राहिला.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील नागरिक सुमारे १० कोटी ३८ लाख होते. त्यांची दखल घेणारे काम मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हाती घेतले. २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशी व त्यापुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी झाली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाऊन पंचवीस वर्षे हे काम चालवावे, अशी मूळ योजना आहे.

ही योजना स्तुत्य आहे. पण ती तडीस कोण नेणार? कंत्राटाची मुदत संपताच दुसरी नोकरी शोधणारा संशोधक पंचवीस वर्षांच्या अभ्यासाला बांधून घेईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. बढतीसाठी दरसाल शोधनिबंध मोजले जात असतील, तर वीस वर्षांनी फळ देणारा विषय हुशार विद्यार्थी का निवडील? सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक विभागात वार्धक्य-संशोधनासाठी कायम पदे आणि खात्रीचे अनुदान असले पाहिजे. आजचे विद्यार्थी साठीला पोहोचतील, तेव्हा त्यांच्या उपयोगी पडणारे ज्ञान हवे असेल, तर त्याची पेरणी आजच व्हायला हवी.