अब्बांची गोळी बंद करण्याआधी

अब्बांची कंबर धरली की घरात पहिला संशय येतो कोलेस्टेरॉलच्या गोळीवर. मग स्टॅटिन परस्पर बंद होते आणि मणक्यात इंजेक्शन घेतले जाते. दुखणे थोडे थांबले, की श्रेय गोळी सोडल्याला!

खरे तर स्टेरॉइडचे इंजेक्शन दबलेल्या नसेभोवतीची सूज उतरवते. पायात जाणारी कळ काही आठवडे कमी होते. मणक्याची झीज भरून येत नाही. स्टॅटिनचे काम वेगळे : हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका कमी करणे. तिने स्नायू दुखू शकतात, हे खरे. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग नुसत्या नकली गोळीनेही झाला. त्यातल्या निम्म्यांनी पुढे स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

दोस्तांनो, घरात डॉक्टरांची चिठ्ठी वाचणारे तुम्हीच असता. इंजेक्शनआधी सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची का, स्टेरॉइडने वाढणारी साखर कशी सांभाळायची, हे विचारा. आणि स्टॅटिन त्यांना विचारल्याशिवाय सुटू देऊ नका. कंबर दुखून सांगते. कोलेस्टेरॉल काहीच सांगत नाही.