'मोकळी' जमीन आणि आमचा वाटा



मुंबई महाराष्ट्राला कुणी ताटात वाढून दिली नाही. 106 हुतात्मे झाले, गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा 1 मे 1960 उगवला. त्या मुंबईत कुठं काय बांधायचं हे ठरवताना भुदरगड-आजऱ्याच्या गिरणीवाल्याला आजवर कुणी विचारलं?

विकास आराखडा म्हणजे शहराच्या वाटपाचा कागद. शाळा कुठं, मैदान कुठं, चाळ कुठं, सगळं त्यात. 1966 च्या नगररचना कायद्यात लिहिलंय की मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर राजपत्रात नोटीस द्यावी, आणि कोणाही व्यक्तीनं महिन्याच्या आत हरकत घ्यावी. कोणाही व्यक्तीनं! बंगलेवालाच पाहिजे असं त्यात नाही. गारगोटीला परत आलेला म्हातारा मागवालासुद्धा त्यात बसतो. पण राजपत्र गारगोटीच्या एस.टी. स्टँडवर मिळतंय होय?

ह्या महिनाभराच्या नोटिशीची किंमत काय, ते कलम 58 ला विचारा. 1991 च्या नियमावलीतलं हे कलम. गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे ढोबळ तीन वाटे करायचे: एक पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, तिसरा मालकाला. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरला होता. माझा बा त्यातला, आता मी इकडं सूतगिरणीत. कित्येक गडी खाणावळीची उधारी डोक्यावर घेऊन गावी आले. त्यांच्या घामाची निदान कागदावर तरी बूज होती.

2001 साली सरकारनं कलम फिरवलं. वाटे तेच, तीनच. फक्त वाटायची ती आधीपासून 'मोकळी' असलेली जमीन! शेड पाडून रिकामी होईल ती वाटपात धरायची नाही. अरे, गिरणीत मोकळी जमीन असती कुठं? साच्याला साचा लागून, खात्याला खातं लागून, गोदामाला गोदाम. त्या एका शब्दानं पालिकेचं मैदान खाल्लं आणि कामगाराची खोलीही खाल्ली. 2005 साली उच्च न्यायालयानं हा अर्थ धुडकावला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. मालकांचे टॉवर चढले. शहाणे लोक ह्याला नियोजन म्हणतात.

कुणी म्हणेल, हरकतींनी काय होतंय? होतंय! 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईचा नवा आराखडा निघाला. चुकाच चुका. हजारोंनी हरकती पडल्या आणि एप्रिलात मुख्यमंत्र्यांना तो मोडीत काढावा लागला. शिकलेल्या वस्त्यांना हे हत्यार चालवता येतं, आम्हाला ते दाखवलंच जात नाही.

आणि घरं? अर्ज दीड लाखाच्या वर. 2012 ते 2020 च्या सोडतींत निघालेली घरं सोळा हजारांच्याही आत. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी दाखवतात! ज्यानं लालबाग-परळ राबून उभं केलं, त्यानं कर्जत-अंबरनाथच्या रानात जावं! 2024 च्या शासन निर्णयात तर जो हे घर नाकारेल त्याचा हक्क संपला असं कलम होतं. 9 जुलै 2025 ला आझाद मैदान भरलं, तेव्हा कुठं ते काढण्याचा शब्द आला. म्हातारी माणसं रेल्वेनं, एस.टी.नं जाऊन पावसात बसली, मग सरकारला ऐकू आलं.

म्हणून मागणी आहे. गिरणीच्या जमिनीविषयी आणि आमच्या घरांविषयी जो कागद निघेल त्याची सुनावणी तालुक्याला घ्या, मराठीत घ्या. 1942 साली ज्या गारगोटीच्या कचेरीवर चालून जाताना सात जण हुतात्मे झाले, त्या गारगोटीतही घ्या. 'घर नको, मुंबईतच पाहिजे' असं कोण म्हणाला, तेही लिहून घ्या.

तोवर आपण आपलं काम करू. बा-चं तिकीट, हजेरी कार्ड, विम्याचं कार्ड, जे सापडेल ते ट्रंकेतून काढा आणि नकला करून घ्या. हरकत साध्या मराठीत लिहा, वळण वाकडं असलं तरी चालतंय. दोन प्रती घेऊन जा, आणि एकीवर शिक्का-तारीख पडल्याबिगर टेबलापासून हलू नका.