दीड तासाचं माहेर

मुंबई-नागपूर विमानाला दीड तास लागतो. हवाई अंतर जेमतेम ७०० किलोमीटर. हे आकडे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. म्हणूनच आईला दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला तेव्हा वहिनी सहज बोलून गेल्या, ‘‘विमानाने या ना ताई, दीड तासाचं तर काम!’’

माझं माहेर घाटंजीचं. त्या दिवशी मी दीड तासाचा हिशेब मांडला. घरापासून विमानतळ दीड तास. तिथे दोन तास आधी हजर. विमान दीड तास. सामान येईस्तोवर अर्धा तास. मग नागपूरचा बसस्टँड गाठून यवतमाळ, दीडशे किलोमीटर, साडेतीन तास. पुढे घाटंजीचा एक तास. झाले दहा! त्यातही विमान उशिरा उतरलं आणि पुढची गाडी हुकली. रात्री एकटी बाई, अनोळखी टॅक्सी, सुनसान रस्ता. भाऊ आईला सोडून मला घ्यायला नागपूरला आला. जिच्यासाठी मी धावत आले, तिच्याजवळ त्या रात्री आम्ही दोघंही नव्हतो.

सकाळी आई म्हणाली, ‘‘इमान दीड तासात येते म्हनते, मंग तू रातभर कुठी होती वं?’’ काय सांगणार?

आपल्याकडे अंतर मोजतात ते शहरापासून शहरापर्यंत. बाईचा प्रवास मात्र उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत असतो. यवतमाळला स्वतःची धावपट्टी आहे, पण नेमाने प्रवासी नेणारं विमान नाही. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं, आनंद वाटला. पण अमरावतीहून यवतमाळ पुन्हा ९० किलोमीटर आहेच. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा कळंबपर्यंतचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’त बसून आजोळी जाणाऱ्या आमच्या पिढीला याचं अप्रूप आहे. ती गाडी रमतगमत जायची खरी, पण यवतमाळात उतरवायची!

विमानं नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. नवा विमानतळ आला की टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असते. पण विमान उतरल्यानंतरच्या शेवटच्या दीडशे किलोमीटरचं काय? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं. मात्र रात्री गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? विमानांच्या वेळा बघून नागपूर विमानतळाच्या दारातून सुटणारी, रात्रीसुद्धा यवतमाळला पोचवणारी एसटी हवी. स्टँडवर दिवा, पाणी, स्वच्छ बाथरूम हवं. धावपट्टीच्या मानाने हा खर्च किती किरकोळ!

मैत्रिणींनो, पुणे-मुंबईला नांदणाऱ्या लेकी आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. माहेरून फोन आला की त्यांना किलोमीटर आठवत नाहीत. ‘आत्ता निघाले तर कधी पोचेन?’ एवढंच मनात येतं.

आई त्या दुखण्यातून उठली, हे माझं नशीब. आता मी निघताना तिला विमानाची वेळ सांगतच नाही. घाटंजीच्या गाडीची सांगते. तिच्या दृष्टीने प्रवास तिथूनच सुरू होतो.