दप्तरातला पंप

गेल्या डिसेंबरची गोष्ट. सहावीत मराठीचा तास चालू होता. एक मुलगा धडा वाचत होता. दोन शब्द झाले की थांबायचा. मला वाटलं, जोडाक्षरं अडतायत. उर्दू माध्यमाच्या पोरांना अडतातच. मी रागावलोही. मग लक्षात आलं, प्रत्येक श्वासाला त्याच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय.

दम्याचा अटॅक होता. पंप घरी, कपाटात. रिक्षाने घाटी गाठली, ऑक्सिजन लागला, मुलगा सावरला. अम्मी म्हणाल्या, "सर, पंप की आदत लग जाती ना!"

ही भीती आपल्या मोहल्ल्यात घरोघरी आहे. "दमा दम के साथ जाता है" म्हणत आपण वाढलो. म्हणून सिरप चालतं, पंप नको. आता हिशोब पाहा. साल्ब्युटामॉल सिरपच्या एका चमच्यात साधारण 2 मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग. तेही थेट श्वासनळीत, काही मिनिटांत काम करणारं. सवय कशाची लागणार? हैदराबादला मृगात दम्यासाठी जिवंत मासा गिळायला लोक जातात. श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण अटॅक मृगाची वाट पाहत नाही.

अटॅक आला की मुलाला बसवायचं, आडवं करायचं नाही. पंप स्पेसरला लावून एक दाब, चार-पाच संथ श्वास, मग पुढचा. शाळकरी मुलाला 4 ते 10 दाब, गरज पडल्यास पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी. आराम पडत नसेल तर दवाखाना. बोलता येत नसेल, ओठ निळसर झाले, मूल सुस्तावलं, तर लगेच निघायचं आणि वाटेतही पंप चालू ठेवायचा. छातीतली शिट्टी थांबली म्हणजे बरं वाटलं असं नसतं; कधी हवाच आत जात नसते.

स्पेसर महाग वाटतो? केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 साली दाखवून दिलं, की 500 मिलीच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून पंप घट्ट बसवला तरी तेवढाच गुण येतो.

शाळेत जंताच्या गोळ्या वाटतो, मग कपाटात एक पंप आणि स्पेसर का नको? पालकसभेत मी हे मांडलं. एकाने विचारलं, काही झालं तर जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त आहे, म्हणून मी डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत पालकांचं लेखी संमतिपत्र मागितलं. आतापर्यंत चार आली. पहिलं त्या अम्मींचं, उर्दूत लिहिलेलं.