शनवार तेली

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तेली समाज मोठा आहे; पण ‘शनवार तेली’ हें नांव येथें फारसें कोणीं ऐकलें नसेल. कोंकणांत, आजच्या रायगड जिल्ह्यांत, हे लोक तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. ते मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे यहुदी होत. तेल्यास हलका मानण्याची खोड आमच्या समाजांत होतीच. तरी यहुदी म्हणून त्यांचीं घरें कोणीं जाळलीं नाहींत.

आतां सुधारलेल्या म्हणविणाऱ्या युरोपाकडे पाहा. तेथें शेंकडों वर्षें येशूच्या वधाचा दोष साऱ्या यहुदी जातीवर ठेवण्यांत आला. पुष्कळ ठिकाणीं त्यांस जमीन धरूं दिली नाहीं, कारागिरांच्या संघांत घेतलें नाहीं. मग कित्येकांनीं सावकारी धरली, तर तीच सर्वांचा गुन्हा ठरली! १८९४ सालीं फ्रान्समध्यें द्रेफ्यूस नांवाच्या यहुदी कप्तानास देशद्रोही ठरविलें. तो निर्दोष ठरण्यास १९०६ साल उजाडावें लागलें. पुढें हिटलरच्या राजवटींत सुमारें ६० लक्ष यहुदी मारले गेले, तेव्हां कोठें युरोपास लाज वाटली. वधाचा तो जुना आरोप साऱ्या जातीवर लादूं नये, असें रोमच्या धर्मपीठानें १९६५ सालीं जाहीर केलें.

आज वारें पुन्हां फिरलें आहे. कोणी इस्रायल सरकारच्या कृत्यांचा जाब रस्त्यानें जाणाऱ्या यहुद्यास विचारतो. कोणी यहुद्यांचा कैवार घेऊन मुसलमानांचा द्वेष पिकवितो. सरकारास जाब अवश्य विचारावा. पण जातीस आरोपी करणें हा न्याय नव्हे.

आम्हीं मात्र ताठ्यानें बोलूं नये. १८७१ च्या कायद्यानें इंग्रजांनीं आमच्याकडील जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं गेला. शिक्का गेला काय? गडचिरोलीच्या रानांत गांवचा एक पोर बंदूक घेऊन गेला कीं सारा गांव नक्षलवादी ठरे. त्या गांवचें माडिया लेंकरूं शाळेंत आलें कीं गांवाचें नांव ऐकतांच नजर बदले. वाचकहो, ती नजर कित्येकदां आम्हां मास्तरांचीच होती, हें कबूल केल्यावांचून पुढचा शब्द लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

तेल घेतांना आपण तेल पाहतों. घाणेवाल्याचा वार पाहत नाहीं. माणसाचा हिशेबही असाच ज्याचा त्याच्याशीं करावा.