शेजाऱ्याचे आरोग्य, आपले आरोग्य

'आरोग्यं धनसंपदा' हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण धन एकट्याने तिजोरीत साठवता येते, आरोग्य तसे साठवता येत नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. मी व्यवसायाने परिचारिका. निवृत्तीनंतर मुलाकडे, मुळशी तालुक्यातील माण येथे राहते. आमचे कुटुंब नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती. प्रार्थना, रविवारची विश्रांती, खाण्यापिण्यात संयम, मनात राग न साठवणे, या सवयींनी मला प्रकृतीची साथ मिळवून दिली. पण श्रद्धेने शिकवलेला सर्वांत मोठा धडा वेगळाच आहे. तो असा, की शेजाऱ्याला वगळून कुणालाही निरोगी राहता येत नाही.

येशू ख्रिस्ताने शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करायला सांगितले. 'पण माझा शेजारी कोण?' असे विचारणाऱ्याला त्याने दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेत लुटला गेलेला एक माणूस जखमी होऊन पडला आहे. धर्माची जाण असलेले दोघे बाजूने निघून जातात. परका शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत पोचवतो आणि पुढच्या शुश्रूषेचे पैसेही देऊन जातो. प्रथमोपचार, योग्य जागी पोचवणे आणि नंतरची काळजी, असे रुग्णसेवेचे तिन्ही भाग त्या गोष्टीत आले आहेत.

हीच शिकवण आमच्या जिल्ह्यात एका डॉक्टर दांपत्याने प्रत्यक्षात आणली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की बरा करून घरी पाठवलेला रुग्ण तोच आजार घेऊन पुन्हा येतो. कारण रोगाचे मूळ खाटेवर नसून गावातल्या पाण्यात, उपासमारीत आणि अज्ञानात असते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 साली दुष्काळी जामखेडमध्ये त्यांनी काम सुरू केले.

त्यांनी गावच्याच स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेक जणी दलित होत्या आणि बऱ्याच निरक्षर होत्या. बाळाचे वजन घेणे, स्वच्छ बाळंतपण करणे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देणे ही कामे त्या शिकल्या. दुष्काळात हातपंप बसवताना जागा दलित वस्तीजवळची निवडली गेली आणि पाण्यासाठी सगळ्या जातींच्या बाया तिथे येऊ लागल्या. कामाच्या आरंभी त्या भागात हजारामागे 176 बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. दोन दशकांत हे प्रमाण विसाच्या आसपास आले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 साली आणि रजनीकांत 2011 साली निवर्तले, पण आज गावोगावी फिरणाऱ्या 'आशा' सेविकांच्या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचाच अनुभव आहे.

आता आमच्या माणकडे पाहा. हिंजवडीचे आयटी पार्क माणच्या शिवारापर्यंत पसरले. एका बाजूला सुरक्षारक्षक असलेल्या सोसायट्या, दुसऱ्या बाजूला त्याच इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. सोसायटीतला माणूस वर्षाला सगळ्या तपासण्या करतो, सकाळी फिरायला जातो, पाणी गाळून पितो. पण बांधकामावरच्या उघड्या टाकीत वाढलेला डेंग्यूचा डास सुरक्षारक्षकाला विचारून आत येत नाही. क्षयाचा रुग्ण कामावर बसत-उठत खोकतो, तेव्हा त्याचा पगार पाहून जंतू थांबत नाहीत. भिंत उंच केली म्हणजे आपण सुरक्षित झालो, हा समज मला धर्माच्या दृष्टीने चुकीचा वाटतो आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही.

काही श्रद्धाळू मंडळी म्हणतात, 'प्रार्थना आहे, मग औषध कशाला?' मला हे पटत नाही. जखम बांधणाऱ्या शोमरोन्याचा दाखला देणारा गुरू औषधाच्या विरुद्ध कसा असेल? प्रार्थनेने मनाला धीर येतो आणि उपचार नेटाने पुरा करण्याचे बळ मिळते. पण क्षयाच्या गोळ्या थोडे बरे वाटताच सोडल्या, तर रोग अधिक चिवट होऊन परततो. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत, साधारण सहा महिने, पाळलीच पाहिजे.

वाचकहो, धर्म कोणताही असो, पुढील चार गोष्टी प्रत्येकाला करता येतील.

1) आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. टाक्या, पिंपे, कूलर, कुंडीखालच्या बश्या रिकाम्या करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून पूर्ण वाढायला आठ ते दहा दिवस लागतात. दर आठवड्याला पाणी ओतले, की ही साखळी तुटते.

2) घरकाम करणारी बाई, रखवालदार, शेजारचा मजूर यांपैकी कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात पाठवा. क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. त्या दिवसाची मजुरी मात्र कापू नका.

3) जुलाबासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. हे प्रमाण स्वतः लक्षात ठेवा, दुसऱ्यालाही शिकवा. मूल सुस्त पडले तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या.

4) आठवड्यातला एक दिवस कामाचा फोन बाजूला ठेवा आणि एखाद्या एकट्या माणसाची विचारपूस करा. गाव सोडून खोलीवर एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना डॉक्टरइतकीच बोलणाऱ्या माणसाची गरज असते.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. खर्च होतो तो थोडा वेळ आणि थोडा अहंकार. जामखेडच्या निरक्षर स्त्रियांना जे जमले, ते शिकल्यासवरल्या माणच्या लोकांना जमू नये, असे मला तरी वाटत नाही.